नाकाबंदीचे चित्रीकरण: काचेवरचा डॅशकॅम पुरेसा नाही

गणपतीत आणि शिमग्याला मुंबई-गोवा महामार्गाने गावाकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पुढच्या काचेवर आता डॅशकॅम दिसतो. अपघात झाला तर चूक कोणाची हे कळावे, हा त्याचा मूळ उपयोग आहे. पण आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांना विचारले, तर बरेच जण सांगतात की कॅमेरा नाकाबंदीसाठी बसवला आहे. कॅमेरा दिसला की समोरचा माणूस जपून बोलतो, अशी त्यांची समजूत आहे. पोलीस गाडी थांबवतात त्या प्रत्येक प्रसंगाचे चित्रीकरण झालेच पाहिजे, या मताचा मी आहे. मात्र ते काम आपल्या काचेवरच्या डॅशकॅमकडून होणार नाही. ते पोलिसांच्या गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याने झाले पाहिजे, आणि ज्याला थांबवले त्याला त्याची प्रत मागण्याचा हक्क असला पाहिजे.

माझ्या मावसभावाची टुरिस्ट गाडी गेल्या शिमग्यात रात्री एका नाक्यावर थांबवली गेली. लायसन्स, विमा, पीयूसी सगळे चालू होते, पण आरसी बुक मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये होते आणि तिथल्या कर्मचाऱ्याला मूळ कागदच हवा होता. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ साली बदल झाल्यापासून कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवली तरी ती ग्राह्य धरायची असतात. "गाडी बंद करा आणि साहेबांकडे या," असे सांगण्यात आले. साहेब मागे जीपजवळ उभे होते. तिथे जे बोलणे झाले, त्यानंतर खिशातले पैसे गेले आणि पावती मिळाली नाही. घरी आल्यावर आम्ही त्याच्या डॅशकॅमचे कार्ड काढून लॅपटॉपला लावले. त्यात होता बॅरिकेड, त्याच्यापुढे उभ्या असलेल्या ट्रकचा मागचा भाग, काच खाली करताना आलेला आवाज आणि "बाजूला घ्या" एवढे शब्द. पुढे काहीच नव्हते, कारण चावी फिरवल्याबरोबर कॅमेराही बंद झाला होता.

हे एकट्या त्याच्या कॅमेऱ्याचे दुखणे नाही. साधा डॅशकॅम लायटरच्या सॉकेटवर चालतो आणि बहुतेक गाड्यांत इंजिन बंद झाले की तो सॉकेटही बंद होतो. कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे असते, तर नाक्यावरचा सगळा व्यवहार चालकाच्या खिडकीशी किंवा गाडीच्या मागे होतो. कार्ड भरले की जुने चित्रीकरण पुसून त्याच जागी नवे साठवले जाते. धक्का बसला तर ती फाइल आपोआप राखून ठेवण्याची सोय असते, पण नाकाबंदीत धक्का बसतच नाही. त्यामुळे मुंबईपर्यंतच्या पुढच्या प्रवासात तो महत्त्वाचा तुकडाच पुसला जाण्याचा संभव असतो. आपल्याकडच्या पावसात वायपर आणि टपावरचा आवाज बोलणे गिळून टाकतो, ते वेगळेच. कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी संपली, की तारीख-वेळ कुठल्या तरी जुन्याच वर्षावर जाते, आणि मग हे चित्रीकरण त्याच रात्रीचे आहे हे सिद्ध करणे आपल्याच माथी येते.

कायद्याच्या कसोटीवर तर आणखी बारकावे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक क्रमांकही, द्यावा लागतो. आधीच्या कायद्यातही अशा प्रमाणपत्राची अट होती. ती टाळता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात स्पष्ट केले. एवढा खटाटोप रोजंदारीवर गाडी चालवणारा माणूस करील, अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याच्यावर सक्ती झाली त्याला सूट आहे, पण त्याने सात दिवसांत तक्रार केली तरच. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे; परंतु हातात पुरावा नसलेला माणूस तो फिरवायला धजावत नाही.

मोबाईल काढून चित्रीकरण केले तर "३५३ लावू" ही धमकी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. जुन्या दंड संहितेतले ते कलम आता नव्या न्याय संहितेत १३२ झाले आहे. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, असा तो गुन्हा आहे. दूर उभे राहून चित्रीकरण करणे त्यात बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर असे म्हटले, की शासकीय गुपिते अधिनियमातल्या प्रतिबंधित जागेच्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, म्हणून तिथे केलेले चित्रीकरण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. जिथे ठाणेच त्या व्याख्येत नाही, तिथे भर महामार्गावरचा नाका कुठून येणार? तरीही रात्रीच्या वेळी बायकामुले गाडीत असताना कोणी कलमे वाचून दाखवत बसत नाही, आणि बसूही नये.

म्हणूनच जबाबदारी यंत्रणेकडे जायला हवी, आणि त्याची वाट कायद्यात आधीच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम १३६-अ आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ अधिसूचित झाला. त्यात स्पीड गन आणि सीसीटीव्हीबरोबर अंगावर लावायचा कॅमेरा आणि डॅशबोर्ड कॅमेराही मोजला आहे, आणि राष्ट्रीय महामार्गांवरच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यांत अशी साधने बसवण्यास राज्यांना सांगितले आहे. या नोंदी चलान निकाली निघेपर्यंत जपायच्या आहेत. इथेच मला मोठी त्रुटी दिसते. ज्या प्रसंगात चलान फाडले गेले, त्याचा पुरावा जपला जातो. जो प्रसंग पावतीशिवाय संपला, त्याची नोंद जपण्याचे बंधन कोणावर नाही. तक्रारी तर बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगांच्या असतात.

अमेरिकेत हा प्रवास आधी झाला आहे. न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावर एप्रिल १९९८ मध्ये पोलिसांनी थांबवलेल्या व्हॅनवर गोळीबार झाला, त्यात तरुण जखमी झाले, आणि वंश पाहून गाड्या थांबवल्या जातात हा आरोप ऐरणीवर आला. पुढच्याच वर्षी केंद्रीय न्याय विभागाशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीत गस्ती गाड्यांमध्ये कॅमेरे बंधनकारक झाले. साउथ कॅरोलायनात ४ एप्रिल २०१५ रोजी वॉल्टर स्कॉट यांची गाडी दिवा तुटल्याच्या कारणावरून थांबवली गेली. पोलिसांच्या डॅशकॅममध्ये थांबवणे आणि बोलणे आले, पण स्कॉट पळाल्यानंतर पोलिसाने केलेला गोळीबार वाटेने जाणाऱ्या माणसाच्या मोबाईलमुळे जगाला दिसला. एकच कॅमेरा, एकच दिशा आणि एकाच बाजूचा ताबा असेल तर काय निसटते, हे त्यावरून कळते. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगावरच्या कॅमेऱ्यांमुळे वागण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. चित्रीकरण कोणी पाहतच नसेल, तर यंत्राचा धाक किती दिवस टिकणार?

यात पोलिसांचेही हित आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. गोव्याहून पिऊन येणाऱ्या पर्यटकांची अरेरावी, नेत्याचे नाव घेऊन दिलेल्या धमक्या आणि भर पावसात रात्रभर उभे राहूनही वाट्याला येणारे खोटे आरोप हवालदारांनीच सोसायचे असतात. जीपच्या टपावरचा कॅमेरा त्यांच्याही बाजूने बोलेल.

माझी मागणी नेमकी आहे. महामार्गावरच्या नाकाबंदीत उभी राहणारी प्रत्येक पोलीस गाडी आवाजासह चित्रीकरण करणारी असावी. तिचा कॅमेरा थांबवलेली गाडी आणि चालकाची खिडकी दोन्ही टिपेल अशा जागी असावा. चालकाला गाडीतून उतरवले, तर बोलणे कॅमेऱ्याच्या टप्प्यातच व्हावे. चलान झाले नाही तरी ते चित्रीकरण किमान तीन महिने ठेवावे, आणि गाडी क्रमांक व वेळ देऊन अर्ज करणाऱ्याला त्याच्या प्रसंगापुरती प्रत मिळावी; इतरांचे चेहरे समाजमाध्यमांवर फिरू नयेत, म्हणून ती तक्रारीसाठीच वापरण्याची अटही असावी. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना वाहने मिळतात, तर कॅमेरेही मिळू शकतात. पुढच्या गणपतीच्या बंदोबस्ताची आखणी सुरू होण्याआधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पोलीस अधीक्षकांना आणि पालकमंत्र्यांना या मागणीचे निवेदन द्यायचे मी ठरवले आहे. ज्यांना त्यावर सही करायची आहे, त्यांनी कमेंटमध्ये फक्त तालुक्याचे नाव लिहावे.