कपाटाची किल्ली

परवा भुसावळच्या फलाटावर एक जुना विद्यार्थी भेटला. आता तोही ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणाला, "सर, आयएपीटीचं सभासद व्हावं म्हणतोय. पण उपयोग काय हो त्याचा?" तेवढ्यात त्याची गाडी लागली. उत्तर राहिलं, ते इथे लिहितो.

आयएपीटी म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, ही डी. पी. खंडेलवालांनी १९८४ साली उभी केलेली, शिक्षकांची देशपातळीवरची संघटना. पोरांना ती माहीत असते एनएसईपीपुरती, म्हणजे फिजिक्स ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेपुरती. परीक्षा चांगलीच आहे. पण तिला बसणारी पोरं किती? उरलेल्यांचं काय?

बारावीला फिजिक्सच्या १०० गुणांत ३० प्रात्यक्षिकाचे. ते कसे पडतात, आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. मी एका कॉलेजात होतो, तिथे मीटर ब्रिजची तार तुटलेली, स्पेक्ट्रोमीटर पेटीतून बाहेरच निघत नसे, आणि उपकरणांच्या कपाटाची किल्ली ऑफिसात. का, तर "फुटलं तर भरणार कोण?" पोरं जर्नलात रीडिंग बसवायची. आधी उत्तर, मग निरीक्षण! त्याखाली सह्या माझ्याच आहेत.

एकट्या मास्तरने किल्ली मागितली की तो कटकट्या ठरतो. तेच जिल्ह्यातल्या वीस जणांनी संघटनेच्या लेटरहेडवर मागितलं की संस्थाचालकांना निदान उत्तर तरी द्यावं लागतं. संघटना हवी ती यासाठी. अधिवेशनातल्या शाली-नारळासाठी नव्हे.

आणि प्रयोगाला दरवेळी कपाट लागतंच असंही नाही. फिजिक्सची पुस्तकं लिहिणाऱ्या एच. सी. वर्मा सरांची अन्वेषिका केंद्रं आयएपीटीच्याच छत्राखाली साध्या वस्तूंतून प्रयोग दाखवतात. आपलं जळगाव २१ अक्षांशावर. २५ मेच्या आसपास साडेबाराच्या जरा आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एका वर्षी गच्चीवर पाइपाचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा केला. पाय भाजत होते. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि एक पोरगा ओरडला, "सावली गयी ना सर!" त्याला पृथ्वीच्या आसाचा कल पुन्हा शिकवावा लागला नाही.

तर बाबा, हो सभासद. एकटा नको, यावल-रावेरकडचे दोघे-तिघे मास्तर बरोबर घे. पहिलं पत्र किल्लीचंच लिहा. मसुदा मी करून देतो.