फक्त दहा मिली

आमच्या घरी रोज सकाळी सात वाजता एक प्रश्न विचारला जायचा आणि त्याला दोन उत्तरं यायची. प्रश्न असा, की "माशांना खत घातलं का?" आई म्हणायची, "मी घातलं." चिरंजीव म्हणायचे, "मी पण." मी गप्प बसायचो, कारण या दोघांच्याही आधी, तोंडात ब्रश असतानाच, मी घालून गेलेलो असायचो.

खत माशांना नसतं, झाडांना असतं, हे सांगायचं मी आता सोडून दिलंय. हॉलमध्ये शंभर लिटरची काचेची टाकी आहे. तिच्यात व्हॅलिसनेरिया, रोटाला, ॲमेझॉन स्वोर्ड अशी पाण्याखालची बाग आणि बागेत हिंडायला बावीस निऑन टेट्रा. एवढ्याशा माशांच्या विष्ठेवर एवढी झाडं पोसत नाहीत, त्यांना वरून खत लागतं. ते दुकानात इवल्याशा बाटलीत मिळतं आणि किंमत बघून आत अत्तर असावं असं वाटतं. माझा मेहुणा दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार. एकदा त्यानं ती बाटली डोळ्यांपासून हातभर लांब धरून मागचं लेबल वाचलं आणि जोरात हसला. "दाजी, पोटॅशियम नायट्रेट! हे तर आपलं तेरा-शून्य-पंचेचाळीस!"

पुढच्या खेपेला तो द्राक्षांच्या पेटीबरोबर एक किलो १३:००:४५ आणि पाव किलो ०:५२:३४, म्हणजे फॉस्फेटवालं खत, घेऊन आला. (हे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के. नाशिक जिल्ह्यात हे आकडे लग्नाच्या मांडवात उच्चारले तरी कुणाला लॉटरीचा नंबर वाटत नाही.) मी अर्धा लिटर पाण्यात तेरा-शून्य-पंचेचाळीसची पन्नास ग्रॅम पांढरी पूड विरघळवली. त्यातलं दहा मिली म्हणजे एक ग्रॅम, आणि शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे नायट्रेट साधारण सहा पीपीएम, दहा लाख भागांत सहा. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर दहा मिलीची रेघ असते. रोज एक झाकण, विषय संपला. पण रोज तीन झाकणं पडू लागली तेव्हा काचेवर हिरवं शेवाळ धरलं आणि मी जाहीर केलं, की आता हे काम माणसांवर सोडून चालणार नाही.

ठरल्या वेळी ठरलेलं माप सोडणारा डोसिंग पंप तयार मिळतो. हे बायकोनं लगेच सांगितलं आणि मी लगेच ऐकलं नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करणं हा माझा व्यवसाय. अशा माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतः काही बनवावंसं वाटतं आणि तिथेच त्याची जिरते.

पहिला प्रयत्न कूलरच्या छोट्या पंपाचा. बाटली टाकीच्या झाकणावर, बाटलीत पंप, नळीचं टोक खाली टाकीच्या पाण्यात. पंप दोन सेकंद चालवला आणि बंद केला. पंप बंद झाला, पाणी बंद झालं नाही. वरच्या बाटलीतून खालच्या टाकीत नळी एकदा भरली, की पाण्याला पंपाची गरजच उरत नाही, हे मी सातवीत शिकलो होतो. अर्धा लिटर, म्हणजे पन्नास दिवसांचा कोटा, माझ्या डोळ्यांदेखत टाकीत गेला. चाचणीला साधं पाणी घ्यायची अक्कल होती, तेवढी एक जमेची बाजू.

मग कळलं, की इथे पेरिस्टाल्टिक पंप हवा. नाव भारदस्त असलं तरी तत्त्व आपण सगळ्यांनी लहानपणी शाळेबाहेर वापरलेलं आहे. प्लॅस्टिकच्या लांब पिशवीतली रुपयावाली पेप्सी आठवा. खालून अंगठ्यानं दाबत दाबत वर आणायची, तसंच. मऊ नळी अर्धगोलात बसवायची आणि मोटरवर फिरणाऱ्या रुळांनी ती दाबत न्यायची. नळी कुठे ना कुठे कायम चिमटलेली असल्यामुळे मोटर थांबली की पाणीही थांबतं. पातळ पदार्थाचा पंपाच्या भागांना स्पर्शही होत नाही, म्हणून डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवायला हाच पंप असतो. रक्ताला चालतो, तर माझ्या रोटालाला का नाही?

भद्रकालीतून त्रेसष्ट मिमीच्या पीव्हीसी पाइपचं टोपण आणलं, ते पंपाचं घर. द्वारकेजवळून ६०८ नंबरची तीन बेअरिंग आणली, स्केटिंगच्या चाकात असतात तीच. ते झाले रूळ. मिनिटाला दहा फेऱ्यांची बारा व्होल्टची गिअर मोटर एम. जी. रोडवर मिळाली. नळीसाठी औषधाच्या दुकानात जाऊन सलाइनचा सेट मागितला.

"पेशंट कोण?" दुकानदारानं आस्थेनं विचारलं.

"मासे."

त्यानं सुट्टे पैसे मोजून दिले, पण माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. एवढं करून सलाइनची नळी कामाची नव्हतीच. दोन दिवस दाबली गेल्यावर ती चपटी झाली ती चपटीच राहिली. सिलिकॉनची नळी लागते, दाबून सोडली की पुन्हा फुगणारी.

खरा छळ अंतराचा. नळीची भिंत एक मिमी, दोन भिंती मिळून दोन. म्हणजे रूळ आणि टोपण यांच्यात दोनपेक्षा किंचित कमी जागा हवी. सव्वादोन ठेवली तर रूळ नुसता नळीवरून लाडानं हात फिरवून जातो आणि पाणी जागच्या जागी डुचमळतं. दीड ठेवली तर मोटर कण्हते आणि थांबते. माझी जागा निघाली दोन पॉइंट एक. आत पातळ पट्टी घालून ती कमी करायची होती. घरातल्या लग्नपत्रिका काढून व्हर्नियर कॅलिपरनं मोजल्या. चुलतभावाच्या मुलीची पत्रिका बरोब्बर शून्य पॉइंट तीन भरली. साहेबांच्या मुलाची पत्रिका अर्ध्या मिलिमीटरच्या वर होती, ती मी मापात बसत नाही म्हणून नापास केली. बावीस वर्षांत साहेबांकडचं काही नापास करायची ही पहिलीच वेळ.

पंप फिरला, पाणी आलं, मी चहा प्यायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा पंप स्वतःचीच नळी गिळत होता. रूळ नळीला दाबतात तसे आपल्या दिशेनं ओढतातही, म्हणून तिला दोन्ही टोकांना क्लिप लावून बांधावं लागतं. मी बांधली नव्हती. नळी संपल्यावर तिच्या मागोमाग बाटली निघाली, कपाटाच्या कडेपर्यंत आली आणि खाली उतरली.

त्यानंतर मोजमाप. तीस सेकंदांत किती मिली? स्वयंपाकघराच्या ओट्यावर सिरिंज, वाटी आणि नोंदवही घेऊन मी तीन रविवार बसलो. दहा पॉइंट दोन, नऊ पॉइंट आठ, दहा पॉइंट एक. मध्येच एकदम नऊ पॉइंट एक. कारण शोधायला एक आठवडा गेला. जुना अडॅप्टर तापला की व्होल्टेज टाकत होता आणि मोटर मंदावत होती. अडॅप्टर बदलला आणि शंभर वाचनं पूर्ण केली. बायको शेजारी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "अहो, शंभर वेळा मोजलंत. तेवढ्यात शंभर दिवसांचं खत घालून झालं असतं." कामाच्या जागी असले प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही उत्तर देत नाही.

सगळी खतं एकाच बाटलीत कालवायचा बेतही याच काळातला. ०:५२:३४ आणि लोहाचं सूक्ष्म अन्नद्रव्य एकत्र केलं आणि दोन दिवसांत तळाला गाळ बसला, नळी चोंदली. मेहुण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, आठ एकरांत मी ही चूक नाही केली, तुम्ही दोन फुटांत केली." पिवळट लोह पंपाच्या बाटलीत राहिलं, फॉस्फेट वेगळ्या बाटलीत गेलं. ते आठवड्यातून दोनदा हातानं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पंप रीतसर कामाला लागला. प्रोग्राम लिहून चालवायचं आर्डुइनोचं छोटं सर्किट, त्याच्या हुकमानं मोटर चालू-बंद करणारा एक रिले, वेळ दाखवायला घड्याळाची चिप. रोज सकाळी सात वाजता रिले 'कट्' करायचा, तीस सेकंद गुरगुर, पुन्हा 'कट्'. आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या रात्री वळीव आला. गंगापूर धरणाच्या बाजूनं असं काही वारं सुटलं, की लाईट गेली, आली, गेली, आली. मी उठून खिडक्या लावल्या आणि परत झोपलो.

सकाळी टाकीतल्या पाण्याला पिवळट झाक होती. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून आलेल्याच्या बनियनला चौथ्या धुण्यानंतर उरते तशी. बाटली चांगली चार बोटं उतरलेली.

"रात्री तर किती अशुभ," आई म्हणाली. "बावीस वेळा पाल चुकचुकली. बावीसही वेळा मी कृष्ण कृष्ण म्हटलं."

माझ्या मनातली पाल तेव्हा चुकचुकली. एका डोसला रिलेचे दोन 'कट्', म्हणजे बावीसला अकरा डोस. अकरा गुणिले दहा, एकशे दहा मिली. चिरंजीवांनी लॅपटॉप उघडून माझा प्रोग्राम वाचला. चाचणीच्या दिवसांत मी सुरुवातीलाच एक ओळ घातली होती, की वीज आली की लगेच एक डोस द्यावा. ती काढायची राहिली होती. घड्याळाची चिप बिचारी अचूक वेळ सांगत बसलेली, तिला कोणी विचारतच नव्हतं.

"यात बग आहे," मी म्हणालो.

"बाबा, बग नाहीये. तू लिहिलंयस तेच ते करतंय."

अर्धं पाणी बदललं. सत्तर एक पीपीएम नायट्रेट चढलेलं, त्यामुळे उशीर परवडणारा नव्हता. न्हाणीघरापासून हॉलपर्यंत बादल्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे, खाली अंथरलेल्या जुन्या चादरी. बावीसच्या बावीस टेट्रा जिवंत निघाले. निदान मोजताना एकदा बावीस आले, मग मी पुन्हा मोजलं नाही. काढलेलं पिवळं पाणी आईनं गॅलरीतल्या जास्वंदीला घातलं आणि त्या महिन्यात ती जास्वंद वेड्यासारखी फुलली. "तुझ्या यंत्रानं एवढं तरी केलं," असं प्रमाणपत्र मिळालं.

ती ओळ काढली. शेवटच्या डोसची तारीख लक्षात ठेवून, आजचा झाला असेल तर गप्प बसायची सोय केली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंपाबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी आई टाकीपाशी येऊन उभी राहिली. नंदादीप नऊ दिवस अखंड ठेवायचा, रात्री दोनदा उठून तेल घालायचं, आणि तिचे गुडघे आता ऐकत नाहीत. "अरे, तुझं ते यंत्र तेल घालील का?"

माझ्या आयुष्यातली ही पहिली ऑर्डर. बायको म्हणाली, "आगीपाशी नळ्या नकोत." तिची हरकत रास्त होती, म्हणून शेवटची वीतभर पितळेची नळी जोडली, ज्योतीपासून लांब, आणि समईखाली वाळूचं ताट ठेवलं. नवी सिलिकॉन नळी घातली आणि पुन्हा ओट्यावर बसलो. तेल जाड, तीस सेकंदांत आठ पॉइंट सातच आलं, म्हणून वेळ पस्तीस सेकंद केली. आमची समई तासाला पाच मिलीच्या आसपास तेल पिते असं दिसलं. दर दोन तासांनी किती घालायचं? फक्त दहा मिली.

पहिल्या माळेपासून पंप देवघरात गेला. रात्री दोनला रिले 'कट्' करतो आणि आतून आईचा आवाज येतो, "कृष्ण कृष्ण."

मासे परत खोकल्याच्या झाकणावर आले. सकाळी सातला प्रश्न, उत्तरं पूर्वीचीच. पाचव्या माळेला टाकीतलं पाणी परत जरा पिवळं वाटलं. मी आईकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मनातल्या मनात स्वतःचंही एक झाकण धरलं. हिशोब तरीही जुळेना.

"माझ्याकडे काय बघताय?" बायको म्हणाली. "पंप नाही म्हणून मी पण घालतेय चार दिवस."