चौघांवरून मथळा?

‘मूळपेशींमुळे (स्टेम सेल) लुळे पाय पुन्हा चालणार’ हा तुमच्या बातमीचा मथळा वाचून गावाहून मावशीचा फोन आला, म्हणून लिहितोय. जपानच्या केओ विद्यापीठाचा प्रयोग खरा आहे. पण रुग्ण किती? चार! मज्जारज्जूत पेशी सोडल्या त्याही मज्जारज्जूला दुखापत झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. ही सुधारणा पेशींमुळे की व्यायामाने आणि आपसूक, हे चौघांवरून कसं ठरणार?

माझा मावसभाऊ आंबे उतरवताना पडला, मज्जारज्जू दुखावून पाय लुळे पडले, त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मज्जारज्जूत जखमेचा वण घट्ट झालेला असतो, ती गोष्टच वेगळी. तेव्हा एका क्लिनिकने त्याच्याच पेशी कमरेतून टोचायचे साडेचार लाख घेतले. आंब्याची कलमं गहाण पडली, पाय होते तसेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा दुखापतीवर मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, तेही रुग्णाकडून पैसे न घेता. हे आम्हाला नंतर कळलं.

तो आज धड आहे तो मावशीने दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून, कूस बदलल्यामुळे. पडून राहून होणारी एकही जखम पाठीला नाही. यावर लिहा की कधीतरी. मावशीला तूर्त एवढंच सांगितलंय, कुणी पैसे मागितले की फोन ठेव.