‘तळघरात दडवलेली चित्रं’ : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

‘संग्रहालयं नव्वद टक्के चित्रं तळघरात कुजवत ठेवतात, कुणाला बघू देत नाहीत. लोकांच्या मालकीची चित्रं आहेत, सगळी भिंतीवर लावा. ते जमत नसेल तर फोटो नेटवर टाका, विषय संपला.’ असा मजकूर सतत फिरत असतो. त्यामागची तळमळ खरी आहे, पण मागणी चुकीच्या जागी लागली आहे.

‘सगळी भिंतीवर लावा’

कागदावरच्या चित्राला प्रकाशाने झालेली इजा साठत जाते. पुन्हा अंधारात ठेवलं म्हणून उडालेला रंग परत येत नाही. सर्वांत नाजूक रंगांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे 50 लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) प्रकाश आणि वर्षाला 15,000 लक्स-तास, म्हणजे लक्स गुणिले तास. दिवसाला आठ तास धरले तर रोज 400 लक्स-तास खर्च होतात, म्हणजे वर्षाचा वाटा साडेसदतीस दिवसांत संपतो. दालनात 200 लक्स असेल तर नऊ-दहा दिवसांतच. चार महिन्यांचं प्रदर्शन 50 लक्सवर केलं तरी तीन वर्षांहून जास्त वाटा एकदम उडतो. म्हणून ते चित्र पुढची काही वर्षं पेटीत असतं.

सगळे रंग सारखे उडत नाहीत. गेरू टिकतो, लाखेचा लाल फिका पडतो, हिंगुळाचा शेंदरी लाल काळवंडू शकतो. वर्षानुवर्षं टांगलेल्या लघुचित्राच्या माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) कड उचलून पाहा. खाली झाकलेल्या पट्टीत ओढणीचा मूळ गुलाबी तसाच असतो आणि उघड्या भागात तीच ओढणी जवळजवळ पांढरी. ही पट्टी एकदा पाहिली की ‘सगळी लावा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

तैलचित्रांना 200 लक्स चालतो, पण भिंतीवर चित्र सुरक्षित असतं असंही नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी मांडलेल्या होत्या. 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स या कलाशिक्षकाच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांनी त्या पुन्हा केल्या. त्यांतल्याही अनेक 1885 मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) संग्रहालयाकडे आहेत, आणि अजिंठ्यात नंतर झिजलेल्या भागांचा तो मोलाचा पुरावा आहे.

‘तळघरात कुजतात’

इथे मजकुरात तथ्य आहे. सेन नदीला पूर येईल म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला आपला साठा उत्तर फ्रान्समधल्या लिएव्हँला हलवावा लागला; तिथलं केंद्र 2019 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे धोका पावसाळ्यातल्या दमटपणाचा. हवेतली आर्द्रता 65–70 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. त्यात एसी कार्यालयाच्या वेळेपुरता चालू, रात्री बंद, हा प्रकार घातकच. कागद रोज ताणतो-आकसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. साठवणीच्या खोलीचा आर्द्रतेचा तक्ता मागा. ती मागणी शंभर टक्के रास्त आहे.

‘फोटो टाकले की झालं’

फोटो हवेतच. राष्ट्रीय संग्रहालयांच्या पोर्टलमागची ‘जतन’ ही संगणक प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची आहे, हे आवर्जून सांगायला हवं. पण फोटोत सोन्याच्या वर्खावर सुईने टोचलेले ठिपके दिसत नाहीत. ते चित्र तिरकं धरल्यावरच चमकतात. मोत्यांसाठी दिलेले पांढऱ्या रंगाचे उंचवटे सपाट होतात. मागच्या बाजूचा मजकूर तर बहुतेक वेळा टिपलेलाच नसतो.

‘बघूच देत नाहीत’

लंडनमध्ये व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस हे लोकांसाठी खुलं साठवण-केंद्र 31 मे 2025 ला उघडलं. तिथे किमान दोन आठवडे आधी नोंदवून पाच वस्तूंपर्यंत मागवता येतात, विनामूल्य. आपल्याकडे अजूनही अभिरक्षकांना (क्युरेटरना) अर्ज करावा लागतो, आणि तो बहुधा मोघमपणामुळे अडतो. ‘मराठा चित्रं बघायची आहेत’ असं लिहू नका. प्रकाशित सूचीतून नोंद क्रमांक काढा, तीन-चारच चित्रं मागा, कारण आणि लागणारा वेळ लिहा, मागची बाजूही पाहायची असेल तर तसं आधीच कळवा. जाताना पेन नको, पेन्सिल न्या. अंगठ्या-कडी काढून ठेवा. सूचीच प्रकाशित नसेल, तर पहिला अर्ज त्या सूचीसाठीच करा.