रक्तातला ऑक्सिजन दुप्पट? 196 टक्के का मग?

तो श्वासाचा मेसेज परत आलाय, या आठवड्यात तिसऱ्यांदा. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपण फुफ्फुसं एक तृतीयांशच वापरतो, कार्बन डायऑक्साइड विष आहे तो पूर्ण बाहेर फेका, रोज 30 वेळा जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला ऑक्सिजन दुप्पट, आणि 10 सेकंद श्वास रोखता आला तर फुफ्फुसं ठणठणीत.

आधी ते दुप्पटचं बघू, कारण तिथे गणितच गंडलंय. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन (रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ) काही न करता बसल्या जागी 95 ते 100 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, मग 98 चं दुप्पट करून ठेवणार कुठे? मी एकदा खुर्चीत बसून, बोटाला ऑक्सिमीटर लावून हा प्रकार केला. आकडा 98 चा 99 झाला, बस्स. वर बोटांना मुंग्या, ओठ बधिर आणि डोकं एकदम हलकं. मेसेजवाले या हलकेपणालाच ऑक्सिजनचा असर म्हणतात, पण होतं उलटंच, कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे रक्त कमी पोचतं.

आता "विष". खूप साठला तर घातक, मान्य, पण श्वास घ्यायची ओढ लागते तीच मुळात त्याच्यामुळे, ऑक्सिजन जरासा कमी झाला तर शरीर फारशी दखलही घेत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की आम्लता वाढते, मेंदूच्या अगदी खालच्या भागाला ते लगेच कळतं आणि तिथून पोटावरच्या पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, ऑर्डर सुटते. तो खाली ओढला जातो, छातीत जागा होते, हवा आत येते (फुफ्फुसांना फुगायला स्वतःचे स्नायू नसतात हो). म्हणून पाण्यात बुडी मारायच्या आधी असा जोरजोरात श्वास घेणं फार डेंजर: कार्बन डायऑक्साइड खाली गेलेला, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही, आणि तेवढ्यात ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध. पट्टीचे पोहणारे गेलेत यात.

आणि आपण सोडतो त्या हवेतही कार्बन डायऑक्साइड जेमतेम 4-5 टक्के असतो, ऑक्सिजन 16 टक्के उरलेला असतो, म्हणून तर तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो.

एक तृतीयांश कुठून आणलं देव जाणे. मोठ्या माणसाची पूर्ण क्षमता साधारण 6 लिटर, शांत बसल्यावर एका श्वासाला लागते अर्धा लिटर. म्हणजे त्यांचा भागाकारही चुकला! बाकीची जागा फुकट नसते, जिना धावत चढा, लगेच वापरात येते. हां, एक आहे, त्या अर्ध्या लिटरमधली 150 मिली हवा नळ्यांमध्येच राहते, ऑक्सिजन रक्तात जिथे शिरतो त्या वायुकोशांपर्यंत जातच नाही, त्यामुळे घाईघाईचे उथळ श्वास बरेच वाया जातात. सावकाश खोल श्वास घेणाऱ्यांशी माझं काहीच भांडण नाही.

राहिले 10 सेकंद. एवढं तर दमा असलेलेही आरामात रोखतात, सिगरेट ओढणारेही. फुफ्फुसांची तपासणी करायची तर स्पायरोमेट्री असते, त्यात श्वास रोखून बसायचं नसतंच, पूर्ण भरून घ्यायचा आणि जीव खाऊन फुंकायचं, पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघतात.