आवृत्ती पहिली, मजला दुसरा

लहान मुलांच्या जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती हवी असेल, तर आधी असं घर शोधावं लागतं जिथल्या मुलांनी ते वाचलेलंच नाही. वाचलेल्या प्रतीत राणीला मिशा असतात, राक्षसाच्या पोटावर तेराचा पाढा असतो आणि शेवटचं पान कुणाच्या तरी धाकट्या भावानं चघळलेलं असतं.

सांगलीत त्यावर आणखी एक अट. घर वरच्या मजल्यावरचं हवं. तळमजल्यावरचं बरंचसं बालवाङ्मय कृष्णामाईनं २००५ आणि २०१९ ला चाळून ठेवलंय. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. त्यामुळं इथला संग्राहक लेखकाचं नाव नंतर बघतो. आधी वास घेतो.

माझा जीव अडकलाय ‘श्यामची आई’त. प्रती काय, ढिगानं मिळतात. धावण्यात तिसरा आला, दे श्यामची आई. वक्तृत्वात उत्तेजनार्थ, दे श्यामची आई. पहिली आवृत्ती तेवढी कुणी जिंकलेली दिसत नाही.

रद्दीवाले पूर्वी किलोवर द्यायचे. मग कुणीतरी त्यांना मोबाइलवर जुन्या पुस्तकांचे भाव दाखवले (त्याचं वाटोळं होवो), आणि पिवळं पडलेलं सगळं अँटिक झालं.

“घ्या साहेब, पस्तीस सालचं हाय.”

उघडलं, तर किंमत नव्या पैशांत! पुस्तक छापलं १९३५ ला, नवे पैसे आले १९५७ ला. हे मी त्याला साग्रसंगीत समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग नवंच हाय की वो. पन्नास जादा द्या.”

बायकोचं म्हणणं, घरातली रद्दी देऊन बाहेरची रद्दी आणणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

शेवटी विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, एका निवृत्त वकील आजोबांकडं सुगावा लागला. “आमचे वडील कडक. कपाटाला कायम कुलूप. पोरांच्या हाती पुस्तक म्हणून द्यायचे नाहीत.” मी मनातल्या मनात त्या वडिलांना साष्टांग नमस्कार घातला. बांधणी घट्ट, कोपरे शाबूत, पुराचा वास नाही. धडधडत्या छातीनं उघडलं, तर साल, आवृत्ती, किंमत जिथं छापतात ते पानच गायब.

“ते होय,” आजोबा म्हणाले, “गॅसवाल्याला फोन नंबर लिहून द्यायचा होता. हाताशी दुसरा कागद नव्हता.”

“कधी?”

“परवा.”

तो गॅसवाला आमच्या भागात येत नाही. म्हणून आजोबांचा सिलिंडर लवकर संपावा यासाठी सध्या मी त्यांच्याकडं रोज दोनदा चहाला जातो.