खरवडलेला चेहरा आणि सातवीचं पुस्तक

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाने एक मेसेज टाकला, फॉरवर्डच होता पण वर स्वतःचं एक वाक्य जोडलेलं, 'शंभर टक्के सहमत'. मेसेज असा की शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून परक्यांचे राजे सगळे काढून टाका, रोम ग्रीस आपल्या पोरांना काय करायचंय, आणि आपल्या थोर पुरुषांबद्दल पुस्तकात एक ओळसुद्धा उणी नको, लहान वयात असलं काही वाचलं की श्रद्धा उडते आणि संस्कार बिघडतात. खाली भराभर अंगठे आले, वहिनीचा, काकांचा, पुण्याच्या आतेभावाचा. मी लिहिलं की मला हे पटत नाही, तर दादाचं उत्तर, 'तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.'

तेव्हापासून मनात तेच चाललंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वाद काही आजचा नाही. 2017 ला राज्याच्या सातवीच्या पुस्तकात मोगलांचा भाग आक्रसला तेव्हा हेच झालं, 2025 ला एनसीईआरटीच्या सातवीच्या पुस्तकातून दिल्लीचे सुलतान आणि मोगल गेले तेव्हाही हेच. टीव्हीवर चार दिवस आरडाओरडा झाला आणि मग सगळे विसरले, पण पुस्तक मात्र पोरांच्या दप्तरात तसंच राहिलं. माझा पुतण्या आता सातवीतच आहे, म्हणून मला हे जास्त लागतं.

आमची मुलगी इथे जर्मनीत कोलोनला नववीत आहे, गिम्नाझियुमला म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, आणि तिने लॅटिन घेतलंय. त्यामुळे सध्या घरात सकाळ संध्याकाळ रोमन मंडळी आहेत. तिचं वाचन चालू झालं रोमन सेनापती सीझरपासून, गॉलच्या म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लढायांचं त्याने स्वतः लिहिलेलं वर्णन, आणि त्यात तो स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'सीझरने हे केलं, सीझरने ते केलं' असं लिहितो. पहिले काही दिवस मुलगी नुसती भारावलेली. ख्रिस्तपूर्व 55 मध्ये ह्या माणसाने ऱ्हाइन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल बांधला, पाण्याच्या धारेत तिरके खांब ठोकून, सैन्य पलीकडे नेलं, अठरा दिवसांनी परत आणलं आणि पूल मोडून टाकला. आम्ही ती नदी रोज ट्रॅममधून ओलांडतो, ती किती रुंद आणि कसली ओढ आहे तिला ते आम्हाला माहितीय. तिने वहीत पुलाचं चित्र काढलं, बाबाला खांबांचे कोन समजावून सांगितले.

आणि मग चार दिवसांनी शाळेतून आली ती गप्प. पुलाच्या आधीची पानं वर्गात वाचली होती. उसिपेटेस आणि टेंक्टेरी नावाच्या दोन जमाती बायकापोरांसकट नदी ओलांडून आलेल्या, बोलणी चालू होती, त्यातच चकमक झाली, दुसऱ्या दिवशी त्यांचे पुढारी माफी मागायला आले तर सीझरने त्यांना धरून ठेवलं आणि तळावर हल्ला केला. पुढे तो लिहितो की बायका आणि मुलं सैरावैरा पळायला लागली, त्यांच्या मागे सीझरने घोडदळ पाठवलं. एवढंच, एका वाक्यात. मुलगी म्हणाली, आई, तो हे लपवत पण नाहीये.

दादा आणि दादासारखे सगळे इथे एक वाक्य हमखास म्हणतात, की त्या काळी असंच असायचं, आजच्या मापाने मोजू नका. मी पण लहानपणापासून हे ऐकत आलेय आणि मला ते खरं वाटायचं. पण ह्याच प्रसंगावर त्याच काळात, रोममध्येच, केटो नावाचा सिनेटर उभा राहिला आणि म्हणाला की सीझरने तह मोडलाय, त्याला जर्मनांच्या हवाली करा म्हणजे देवांचा कोप शहरावर येणार नाही. विजयाचा उत्सव ठरत असताना म्हणाला. केटो सीझरचा राजकीय वैरी होता हे मान्य, पण म्हणून काय झालं, बोलला तर खरा ना. म्हणजे आजच्या मापाची गरजच नाही, त्या काळचं माप त्या काळात होतंच. ते पुस्तकात द्यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

मुलीची श्रद्धा उडाली का? पुलाचं चित्र अजून तिच्या टेबलावर चिकटवलेलं आहे, तिने फाडलं नाही. क्लासेनआर्बाइटमध्ये, म्हणजे वर्गातल्या लेखी परीक्षेत, तिने लिहिलं की हा माणूस हुशार होता आणि निर्दय होता, आणि बाईंनी शेरा मारला की 'आणि' लिहिलंस हे चांगलं केलंस, 'पण' लिहिलं नाहीस. चौदा वर्षांच्या मुलीला जे झेपतं ते आपल्या मुलांना झेपणार नाही असं कुणी ठरवलं? आपली मुलं काय कमी हुशार आहेत का?

मग सम्राट नीरो आला. आम्हाला शाळेत नीरो म्हणजे एकच ओळ, रोम जळत होतं तेव्हा फिडल वाजवत होता. फिडल तेव्हा नव्हतंच. इसवी सन 64 ला आग लागली तेव्हा तो शहरात पण नव्हता, अँटियमला होता, बातमी कळल्यावर परत आला, बेघर लोकांना स्वतःच्या बागा उघडून दिल्या, धान्याचा भाव उतरवला. हे लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस नीरोचा मुळीच चाहता नाही, तरी त्याने लिहून ठेवलंय. आणि ह्याच नीरोने पाच वर्षं आधी स्वतःच्या आईला मारवलं होतं. ती आई अग्रिपिना, ती जन्मली इथे, आमच्या ह्या गावात, आणि इसवी सन 50 मध्ये ह्या गावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला तो तिच्यामुळे. नवऱ्याला तिनेच विष घातलं असं जुने इतिहासकार सांगतात. गावाने तिचा पुतळा राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मनोऱ्यावर ठेवलाय आणि गावातली कुठलीही वाटाडी ही विषाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोलोनच्या लोकांचं कोलोनवरचं प्रेम कमी झालेलं मी तरी बघितलेलं नाही, इतकं गावावर प्रेम करणारी माणसं मी कोल्हापूर सोडून कुठे पाहिली नाहीत.

दादा फोनवर म्हणाला, अगं पण रोमन त्यांचे कोण लागतात? परक्याची धुणी धुवायला काय जातंय. मुद्दा बरोबर आहे, मी मान्य करते. पण जर्मनांचा आपला म्हणावा असा आर्मिनियुस आहे की, ज्याने इसवी सन 9 मध्ये जंगलात रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजन म्हणजे पलटणी कापून काढल्या. 1875 ला त्याचा डोंगराएवढा पुतळा डेटमोल्डजवळ उभारला, हातात सात मीटरची तलवार. पुढे त्याच्या नावाने इथे कसला कसला माज केला गेला हे आता पोरांना शाळेतच सांगतात, आणि तो रोमन सैन्यात वाढलेला, रोमन नागरिक, रोमनांनीच शिकवलेला होता हे पण सांगतात. पुतळा पाडला नाही. लोक रविवारी मुलंबाळं घेऊन जातात, आम्ही पण गेलो होतो.

ह्या सगळ्यात माझ्या मनात सगळ्यात जास्त रुतून बसलंय ते बर्लिनमध्ये पाहिलेलं एक चित्र. आल्टेस म्युझियममध्ये आहे, लाकडाच्या गोल फळीवर रंगवलेलं, जेमतेम फूटभर रुंद, इजिप्तमधून आलेलं, साधारण इसवी सन 200 चं. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, पिकलेली दाढी, डोक्यावर रत्नांचा मुकुट. शेजारी बायको जुलिया डोम्ना, गळ्यात कानात टपोरे मोती. खाली दोन मुलगे. एक कॅराकॅला. दुसऱ्याच्या खांद्यावर चेहराच नाही, तिथे रंग खरवडून काढलाय, नुसता मळकट डाग. तो गेटा. बाप 211 मध्ये यॉर्कला वारला, त्याच वर्षाच्या शेवटी कॅराकॅलाने भावाला मारवलं, आईच्या कुशीत असताना, आणि मग हुकूम काढला की गेटाचं नाव कुठे दिसता कामा नये. शिलालेखांतून नाव तासून काढलं, पुतळे फोडले. इतिहासकार कॅसियस डायो तेव्हा सिनेटमध्ये होता, तो लिहितो की गेटाच्या बाजूची वीसेक हजार माणसं मारली. आणि आज त्या दालनात येणारा प्रत्येक माणूस त्या डागाकडे बघतो. मी पंधरा वीस मिनिटं उभी होते, सम्राटाच्या मुकुटाकडे कुणाचं लक्ष नाही, बोट जातं ते तिथेच, हा कोण होता, ह्याला का पुसला. एका शाळेची मुलं आली होती, ती सगळी खाली वाकून त्या डागापाशी.

दादा, पुस्तकातून पान फाडलं तर हेच होणार आहे. पोरं फाटलेली कडच बघणार, आणि मग कुठूनतरी मोबाईलवर कुणीतरी त्यांना ते पान दाखवणार, आणि ते तुला नको असलेल्या माणसाने दाखवलेलं असेल.

कॅराकॅलाची गोष्ट मात्र तिथे संपत नाही आणि मुलगी तिथेच अडली. कारण ह्याच भावाचा खून करणाऱ्या माणसाने 212 मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमचं नागरिकत्व देऊन टाकलं. ब्रिटनपासून सीरियापर्यंत. डायो म्हणतो करांसाठी केलं, असेलही. मुलीने विचारलं, आई, मग आपण तेव्हा असतो तर आपल्याला पण मिळालं असतं? अर्ज न करता?

हा प्रश्न आमच्या घरात साधा नाही. जून 2024 पासून इथला कायदा बदलला, आता जर्मन पासपोर्ट घेताना जुना सोडावा लागत नाही. पण भारताला दोन चालत नाहीत, म्हणजे घेतला की आपला निळा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढायचं. नवऱ्याने केलाय अर्ज. मी नाही केला. त्याला कागदपत्रांचं कारण सांगते, खरं कारण तसलं काही नाही. मला भीती वाटते की मग दादाचं ते 'तू तिकडे बसून' वाक्य खरं होईल.

आणि दुसऱ्या बाजूनेही तेच. एल्टर्नश्प्रेखटागला, म्हणजे पालकसभेला, मी लॅटिनच्या बाईंशी बोलत होते, माझे देर दी दास, जर्मन नामांची लिंगं, अजून चुकतात, मुलगी शेजारी बसून हळू आवाजात माझी वाक्यं दुरुस्त करत होती, तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. नंतर काही दिवसांनी तिनेच मला वाचून दाखवलं की सेव्हेरस मूळचा लेप्टिस माग्नाचा, म्हणजे आजच्या लिबियातला, म्हातारपणापर्यंत त्याच्या बोलण्यात आफ्रिकेचा हेल होता, आणि त्याची बहीण त्याला भेटायला रोमला आली तर तिला लॅटिन धड बोलता येईना, त्याला लाज वाटली, त्याने तिला भेटी बिटी देऊन परत घरी पाठवलं. मुलगी तावातावाने म्हणाली, एवढा मोठा सम्राट आणि बहिणीची लाज वाटते? मी म्हटलं असं होतं कधी कधी. एकीकडे माझी मुलगी आणि दुसरीकडे माझा भाऊ, दोघांच्या मधे मी ती बहीण आहे हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता जे लिहिते ते दादाने नीट वाचावं. मुलीला शाळेत रेफेराट होतं, म्हणजे वर्गासमोर तोंडी मांडणी, कुठलाही एक राजा घ्या आणि सीझरशी तुलना करा. तिने महाराज घेतले, मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग ती म्हणाली दोन्ही बाजू लिहायच्या आहेत, सुरतेबद्दल काय लिहू? आणि माझ्या पोटात गोळा आला. सीझरवर, नीरोवर मी बिनधास्त बोलत होते, पण ह्या वर्गात, ह्या पोरांसमोर, ज्यांनी महाराजांचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्यासमोर एक उणा शब्द का जावा असं मला वाटलं. अगदी दादासारखं वाटलं. मला त्याची लाज नाही. परदेशात आपलं माणूस आपल्यालाच सांभाळावं लागतं, दुसरं कोण सांभाळणार?

पण मग आम्ही दोघींनी महाराजांचं ते चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाचलं. त्यात ते स्वतःच्याच सैन्याला दटावतायत. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात संपेल, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं दाणे, गवत, भाजी उचलायला लागाल, आणि ती माणसं म्हणतील ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, तेवढं बघा, हे सुद्धा लिहिलंय, एका राजाने. मुलगी म्हणाली, सीझर बायकापोरांमागे घोडदळ पाठवल्याचं सहज लिहून जातो आणि हा राजा शेतकऱ्याच्या भाजीची काळजी करतो. रेफेराटमध्ये तिने सुरत पण सांगितली, 1664 आणि 1670, का केली तेही सांगितलं, आणि शेवटी हे पत्र वाचलं. वर्गाने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते उंदराच्या वातीवर.

दादा, 'उणी ओळ नको' हा तुझा नियम लावला तर पहिलं बाहेर जाईल ते हे पत्र. कारण त्यात आपले सैनिक रयतेला नागवतील ही भीती खुद्द महाराजांनी लिहून ठेवलीय.

आणि रोमचा आपला काय संबंध म्हणतोस, तर आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, रोमन व्यापाराबरोबर आलेली, ती आपल्याच टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, तुझ्या दुकानापासून चालत जाण्यासारखी. तेर आणि पैठणचा माल कुठल्या बंदरात जायचा ते ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसने स्वतःच्या कारकिर्दीचा लेख कोरवून घेतला त्यात हिंदुस्थानच्या राजांचे वकील आले होते हे मिरवून सांगितलंय. त्यांना आपण माहीत होतो, आपल्या पोरांना ते माहीत नकोत?

मी अर्ज करेन किंवा नाही करणार, ते माझं मी बघते. पण पुतण्याच्या पुस्तकाबद्दल मी बोलणारच, त्याची सख्खी आत्या आहे मी, त्याला कुठला पासपोर्ट लागत नाही. ह्या रविवारी त्याला टाउन हॉलला घेऊन जा आणि ती मूर्ती दाखव. चिपळूणचं पत्र मी त्याला रात्री फोनवर वाचून दाखवणार आहे, तू पण बस ऐकायला.